सुकलू मिस्त्रीचं उत्तर

१

पिंपळबोडीच्या खाणीत सुकलू मिस्त्री छताखाली सापडून मेला, ही बातमी घुग्घुसच्या बाजारात पोचली तेव्हा लोकांना आधी ती खरीच वाटेना. खाणीत माणूस मरत नाही असं नाही. चांदा जिल्ह्यात कोळसा निघायला लागला तेव्हापासून माणसं मरतच आलीत. पण सुकलू मडावी? छताला टेकू म्हणून लाकडी खांब लावायचे हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याच्या तोडीचा मिस्त्री वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर नव्हता. खांबाला हात लावून तो वर येऊन म्हणायचा, "आज तिथी कोनी बसू नका," आणि तिथं छत उतरायचं. असा माणूस पडत्या छताखाली उभा राहिलाच कसा?

त्याला माती दिली, दिवस झाले, आणि मग दुसरंच सुरू झालं. नदीखालच्या गॅलरीत, म्हणजे पात्राखालून खोदलेल्या बोगद्यात, जिथं तो मेला होता तिथं, ठोकण्याचा आवाज यायला लागला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक, ठक. छत पारखताना सुकलू काठीनं ठोकायचा, अगदी तसा. कोळशाचे डबे ढकलणाऱ्यांनी तो ऐकला आणि डबे तिथंच सोडून ते पळत वर आले. दुसऱ्या दिवसापासून सारी पाळी मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. खाली उतरायला कोणी तयार होईना.

म्हणून खाण-तपासणी खात्यानं गुणवंतराव ठेंगण्यांना पाठवलं. आडनाव ठेंगणे आणि उंची अशी की खाणीत पाऊल टाकलं की टोपी छताला घासावी. मूळचे वरोऱ्याचे, बोलायला मऊ. मोहाखाली बसलेल्या माणसांजवळ ते उभे राहिले, तेव्हा कोणी उठलं नाही.

"काऊन बा, उतरत काऊन नाई?" त्यांनी विचारलं.

एक म्हातारा म्हणाला, "मिस्त्री बोलावून राह्यला जी. ज्यानं त्याले तिथी ठेवलं, त्याले बोलावून राह्यला."

गुणवंतरावांनी वळून बघितलं. म्हातारा खाणीच्या तोंडाकडे बघत होता. तिथं तिघं उभे होते: सोमाजी सरदार, इंजिनिअर वैरागडे आणि सुकलूच्या हाताखालचा वारलू.

२

सोमाजी हा पाळीचा सरदार, म्हणजे खालच्या माणसांची जबाबदारी त्याच्या डोक्यावर. अंगानं जाड, मिशीला तेल. हाजरीच्या खोलीत त्यानं गुणवंतरावांना बाक पुसून दिला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"लाकडाच्या खांबाचा ठेका माह्या साळ्याकडं हाय. लोखंडी खांब आला का तो बसला घरी. हे तुम्ही इचारनारच, म्हनून मीच सांगतो. पन मी वर होतो जी. साऱ्यायनं पाह्यलं."

"सुकलू कसा माणूस होता?"

सोमाजीनं मिशी चाचपली. "खरं सांगू? मले भेव वाटे त्याचं. खाली बोलाचं नाई, हा त्याचा कायदा. खाली जमीन ऐकते म्हने. आपन पाठीमागून हाक मारली, त् वळून बी पाहे ना. अन् जवळ गेलं का दिवा उचलून आपल्या तोंडासमोर धरे. लोक म्हनत, समोरचा जिता हाय का मेलेला, ते पाह्यते. त्या गॅलरीत आधी बी मानसं गेले न जी. त्याले ते दिसत."

"आणि वर?"

"वर कमी बोले, पन बोले. बायको, वच्छलाबाई, संग असली का तीच बोले."

"छत पडलं तेव्हा तुम्ही काय पाह्यलं?"

"धडाका झाला. मंग उतरणीतून धूळ वर आली, अन् धुळीतून वारलू. कुऱ्हाड खांद्यावर, करवत बगलेत, शिदोरी कमरेले. तोंड राखेवानी. म्हने, भाऊ आत राह्यले."

गुणवंतरावांनी सोमाजीला ते पुन्हा सांगायला लावलं. खांद्यावर काय होतं, बगलेत काय होतं, कमरेला काय होतं. सोमाजीनं तेच सांगितलं आणि या साध्या गोष्टीचं एवढं काय, म्हणून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

३

यशवंत वैरागडे नागपूरचा. वय तिशीच्या आत, पण त्या आठवड्यात डोळ्यांखाली काळं उतरलं होतं. खाणीच्या लोहारशाळेमागे त्याचे लोखंडी खांब आडवे पडले होते. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आणि खाली आटे पाडलेला पाया. पाया फिरवला की खांब उंच होऊन छताला भिडायचा.

"माझ्याच खांबानं त्यांना मारलं," तो म्हणाला. "तसंच लिहा."

"मला कळू तर द्या. इथी काय करून राह्यले होते तुम्ही?"

वैरागडे एका खांबावर बसला. "लाकडी खांब मोडण्याआधी सांगतो. कुरकुरतो, चेपतो. माणसाला पळायला वेळ मिळतो. लोखंडी खांब जास्त वजन पेलतो, पण जातो तेव्हा एकदम जातो. मला सांगणारा लोखंडी खांब हवा होता. लाकूड नेमकं काय सांगतं, ते जिल्ह्यात एकाच माणसाला समजत होतं. म्हणून मी सुकलूभाऊंच्या मागे लागलो. ते जे जाणतात ते खांबात उतरवायचं, म्हणजे त्यांच्यामागेही ते राहील."

"सांगितलं त्यांनी?"

"उजेडात, समोरासमोर बसून, पुष्कळ. माझ्या तोंडावरून नजर हलवत नसत. मला त्या नजरेची भीतीच वाटायची. खाली मात्र एक शब्द नाही. हात खांबावर ठेवायचे, डोळे मिटायचे, बस."

"आणि तुमच्या लोखंडाबद्दल काय म्हणाले?"

वैरागडे कडवट हसला. "पहिल्याच दिवशी निकाल दिला. मी इथंच खांब उभा केला, त्यावर हातोडी मारली. त्यांनी तळवा टेकवला होता. म्हणाले, हे मुकं हाय. काही सांगत नाई."

गुणवंतरावांनी कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि उभ्या केलेल्या एका खांबावर मारली. देवळातली घंटा वाजावी तसा टणत्कार उठला. पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. आवाज किती तरी वेळ अंगणात घुमत राहिला.

"याला मुकं म्हणाले?"

"हो," वैरागडे म्हणाला. "मलाही तेव्हा नवल वाटलं होतं."

४

वारलू आपल्या खोलीच्या दाराशी उकिडवा बसला होता. सुकलूच्या हाताखाली त्याची तरणी वर्षं गेली होती. हाताला घट्टे, खांदे रुंद, आणि डोळे कुठेही न ठरणारे.

"सांग," गुणवंतराव म्हणाले. "घाई नाही."

"आमी लोखंडी खांब लावून राह्यलो होतो. भाऊ त्याचा पाया फिरवत होते. मी मागं उभा होतो. एकदम छत आलं. मी पळालो."

"त्यांना सांगितलंस?"

"हाक मारली न जी. म्हटलं, भाऊ, चला. ते म्हनाले, 'येतो, तू हो पुढं.' मंग आलेच नाई."

"त्यांचा आवाज ऐकलास?"

"हो."

"पाठ तुझ्याकडे होती ना त्यांची?"

"हो. वळले नाई. तसेच बोलले."

वारलूनं हे सांगताना पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. गुणवंतरावांनी आणखी काही विचारलं नाही. ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"तुला शिकवत होते का ते? छत पारखायला?"

वारलूनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"लोखंडाले शिकवलं," तो म्हणाला. "मले नाई."

५

सुकलूचं घर वस्तीच्या टोकाला होतं, पुढं पळसाचं रान. वच्छलाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. चांदी झालेले केस, कपाळावर गोंदण. तिनं पाण्याचा लोटा पुढं केला आणि खाली बघत उभी राहिली.

गुणवंतराव वाकून आत शिरले आणि पायात काहीतरी अडकलं. दाराच्या कडीला बांधलेली सुतळी जमिनीलगत आत गेली होती आणि सुकलूच्या बाजेच्या पायाला गुंडाळली होती. त्यांनी दार ढकललं. बाज हलली. त्यांनी दार सोडलं, पुन्हा ढकललं. बाज पुन्हा हलली.

"हे कशाला, बाई?"

"कोंबड्या आत येतेत," ती म्हणाली. "त्याच्यासाठी."

"कोंबडीनं दार ढकललं तर बाजेवरच्या माणसाला समजावं म्हणून?"

वच्छलाबाई कडीवरची सुतळी सोडायला लागली.

गुणवंतराव उंबऱ्यावर बसले. त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. समोरच्याच्या तोंडासमोर धरलेला दिवा. हाक मारली तरी न वळणारी पाठ. खाली बोलायचं नाही हा कायदा. वैरागडेच्या ओठांवरून न हलणारी नजर. आणि घंटेसारखं वाजणारं लोखंड, ज्याला तो मुकं म्हणाला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "त्यांना ऐकू यायचं कधीपासून बंद झालं?"

तिनं पदर तोंडावर घेतला. मग पदराआडूनच बोलली.

"सुरुंगानं गेले कान. आधी एक, मंग दुसरा. कोनाले नाई सांगितलं. सारे म्हनत, सुकलू छताचं बोलनं ऐकते. बहिरा हाय म्हटलं त् कोन ठेवन कामावर? अन् नावाचं काय राहीन?" तिनं कोपऱ्यातल्या जात्याकडे बोट केलं. "मी दळाले बसो. तो तिकडं भिंतीपाशी बसून जमिनीवर हात ठेवे अन् सांगे, आता दाने हायेत, आता रिकामं फिरून राह्यलं. दिवस दिवस तेच. असं शिकला तो. कानानं नाई, हातानं."

"लोखंड त्यांच्या हाताला काही सांगत नव्हतं."

"नाई. म्हने, सारंच थरथरते, काही कळत नाई." मग ती एकदम सावध झाली. "साहेब, हे लिहू नका. तो गेला. त्याचं नाव त् राहू द्या."

गुणवंतराव उठले. "नाव राहील, बाई. पण एक माणूस मला म्हणाला की त्यानं सुकलूभाऊंना पाठीमागून हाक मारली, आणि त्यांनी उत्तर दिलं."

वच्छलाबाईनं पदर खाली केला.

"अंधारात?" ती म्हणाली. "त्यानं कोनालेच उत्तर देलं नसतं."

६

दुपारी गुणवंतराव खाली उतरले. सोबत वैरागडे आणि नाइलाजानं सोमाजी. उतरण संपली तशी वरची उष्णता संपली, आणि अंगाला ओल लागायला लागली. नदी डोक्यावर होती. छतातून थेंब पडायचा, कोळशाच्या चिखलात बुडायचा, आणि नंतरची शांतता आधीपेक्षा मोठी वाटायची. दिव्याच्या उजेडात लाकडी खांब एकामागून एक पुढं यायचे आणि मागं अंधारात जायचे. काहींवर एका विशिष्ट उंचीवर लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं होतं. सुकलूचा तळवा तिथं टेकायचा.

नदीखालच्या गॅलरीच्या तोंडाशी सोमाजी थांबला. "आयका," तो कुजबुजला.

ठक.

वैरागडेनं दिवा उंच केला. आवाज आतून येत होता, ढिगाऱ्याच्या बाजूनं. खूप वेळ काही नाही. मग ठक, ठक. आणि पुन्हा तशीच शांतता, जणू ठोकणारा कान देऊन उत्तराची वाट बघतोय.

सोमाजीनं गुणवंतरावांचा हात धरला. "नका जाऊ जी. तो हाय."

"माणूसच आहे," गुणवंतराव म्हणाले आणि दिवा पुढं धरून चालू लागले.

ढिगाऱ्यापाशी वारलू उभा होता. त्याचा दिवा जमिनीवर ठेवलेला. हातात सुकलूची काठी होती, आणि काठीचं टोक छताला. उजेड तोंडावर पडला तरी तो दचकला नाही. जणू कोणीतरी येणार हे त्याला ठाऊकच होतं.

"काय करून राह्यला, वारलू?"

"रोज येऊन ठोकून पाह्यतो," तो म्हणाला. "आता तरी सांगते का."

गुणवंतराव एका दगडावर बसले. "तू पळाला नव्हतास. पळणारा माणूस शिदोरी बांधत नाही, करवत बगलेत घेत नाही. तुला वेळ होता. छत पडणार हे तुला आधी समजलं होतं. समजलं कसं?"

वारलूनं काठी खाली केली.

"मी त्याले इचारलं होतं," तो म्हणाला. "तवाच, इथी. म्हटलं, भाऊ, इतके वर्सं खांब वाहून राह्यलो तुमच्या मागं, मले काऊन नाई शिकवत? साहेबाले सांगता, लोखंडाले शिकवता, माह्यात काय खोट हाय? ते पाठ करून उभे. मी पुन्हा इचारलं. आवाज नाई. रोजच इचारो मी, असाच, मागून. तोंडावर इचारायची हिंमत नोती. कधी म्हनून उत्तर नाई देलं त्यानं."

"मग?"

"मंग छत बोललं. बारीक. उंदीर दात घासते न, तसं. मले आयकू आलं, जी. कोनी न शिकवता आयकू आलं." त्यानं काठी छातीशी धरली. "मले आलं, त् त्याले आधीच आलं असन. पन तो हलेना. मले 'हो बाहेर' म्हनेना. मले वाटलं, मले मराले ठेवून राह्यला हा. आखरीले तो निंगन, अन् मी राहीन. मंग मी बी नाई बोललो. माहं सामान घेतलं अन् निंगालो. म्हटलं, येते तो मागून. त्याले त् सारं समजते."

सोमाजीनं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"'येतो' म्हणाले, असं का सांगितलंस?"

"आयकून घ्याचं होतं मले ते," वारलू म्हणाला. "एक डाव."

गुणवंतरावांनी आपला दिवा उचलला आणि स्वतःच्या तोंडासमोर धरला, म्हणजे वारलूला त्यांचा चेहरा नीट दिसावा.

"वारलू, सुकलूभाऊंना ऐकू येत नव्हतं. किती तरी वर्षांपासून. तुझी हाक नाही, तुझे प्रश्न नाहीत, छतही नाही. ते लाकडाला हात लावून जाणत. त्या वेळी हात लोखंडावर होता."

वारलू बघत राहिला. मग त्याच्या हातातली काठी निसटून चिखलात पडली. तो हळूहळू खाली बसला, आणि अंधारात त्याच्या दातांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

७

गप्प राहण्याला कायद्यात कलम सापडलं नाही. खोटी जबानी होती, तिची जी शिक्षा व्हायची ती झाली, आणि वारलू काही महिने तुरुंगात राहून आला. लोक पुन्हा खाली उतरायला लागले. ठोकण्याचा आवाज थांबला होता, तरी नदीखालच्या गॅलरीपाशी आली की माणसं आवाज खाली आणत.

वैरागडे निघून गेला नाही. वच्छलाबाईच्या घरी तो जात्यापाशी जमिनीवर तळवा टेकवून बसायचा, ती दळायची आणि त्याचं चुकलं की सांगायची. लोखंडी खांबाच्या डोक्यावर त्यानं साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाची जाड टोपी बसवली. वजन आलं की टोपी चेपायची, ते डोळ्यांना दिसायचं. कुरकुरायची, ते कानांना ऐकू यायचं. तिच्यावर हात ठेवला तर तळव्यालाही समजायचं. एक गेलं तर दुसरं असावं, एवढंच तो म्हणायचा. सोमाजीच्या साळ्याला आता खांबांऐवजी टोप्या कापायचं काम मिळालं होतं.

तुरुंगातून सुटल्यावर वारलू पहिल्यांदा वच्छलाबाईच्या कुंपणाशी आला, तेव्हा तिनं दार लावून घेतलं. तो बसून राहिला आणि उन्हं उतरल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. असे बरेच दिवस गेले. येणारी-जाणारी माणसं बघायची आणि काही न बोलता पुढं व्हायची. वच्छलाबाई पाणी भरायला निघाली की तो मान खाली घालायचा.

एकदा ती घागर घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"काऊन येतं रोज?"

"काही नाई, बाई."

"माफी मागाले आला असशीन, त् ते माह्याकडं नाई. ज्याच्याकडं होती, तो गेला."

वारलूनं मान हलवली.

ती तशीच उभी राहिली. घागर कमरेवर जड झाली असावी, कारण तिनं ती खाली ठेवली. मग ती कुंपणाच्या आत वळली, उंबऱ्यावर बसली आणि त्याला म्हणाली, "इकडं ये. समोर बस."

तो आला. अंगणात तिच्यासमोर बसला.

"त्याच्या पाठीमागं तू जे जे इचारलं, ते आता मले इचार," ती म्हणाली. "सारं. तुहं इचारनं वाया गेलं, तसंच राहू नये. कोनी तरी आयकाले पायजे."

वारलूनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. ती थांबली. तिला घाई नव्हती.

"ओलं लाकूड," तो शेवटी म्हणाला. "पावसात खांब ओला राह्यला, त् त्याचं कुरकुरनं खरं का खोटं, कसं वळखाचं, भाऊ?"

त्या शेवटच्या शब्दावर तो अडखळला. वच्छलाबाईनं तो दुरुस्त केला नाही. तिनं विचार केला, खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून.

"हे मले नाई माहीत," ती म्हणाली. "दुसरं इचार."